रीलवाले म्हणतात तुमचं एनएडी कमी झालंय. पण ते मोजतात तरी कसं?

रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं म्हणून आपण मोबाईल हातात घेतो. दोन मीम, एक रेसिपी, एक क्रिकेटची क्लिप आणि मग येतो पांढरा कोट घातलेला एक माणूस. तो सांगतो, "तिशीनंतर तुमच्या शरीरातलं एनएडी झपाट्याने कमी होतं. म्हणून तुम्हाला थकवा येतो." पुढच्या रीलमध्ये कुणीतरी आरामखुर्चीत बसून हाताला सलाईन लावून घेत असतं. त्याच्या पुढच्या रीलमध्ये गोळ्यांच्या डबीवर डिस्काउंट असतो.

आता एनएडी हे काही थोतांड नाही. ते तुमच्या शरीरात आहे, पाळीव मांजरात आहे, इडलीच्या पिठातल्या सूक्ष्मजीवांत आहे. ते नसेल तर पेशी जगूच शकत नाही. प्रश्न वेगळाच आहे. "कमी झालं" असं म्हणायचं तर आधी ते कुणीतरी मोजलेलं असायला हवं. कुठे मोजलं? रक्तात, स्नायूत, यकृतात? आणि मोजलं कसं?

हा "कसं" फार महत्त्वाचा आहे. कारण एनएडी ही मोजायला अत्यंत अवघड गोष्ट आहे. दहा सेकंद उशीर झाला तरी आकडा बदलू शकतो. चुकीच्या द्रावणात टाकलं तर मोजायची गोष्टच नष्ट होते. ती मोजायची विद्या माणसाने साठ-सत्तर वर्षं घासून घासून तयार केली. ती समजून घेतली की रीलमधल्या दाव्यांकडे बघायची नजर आपोआप बदलते.

आधी एनएडी म्हणजे काय ते बघू

बांधकामाच्या साईटवर तुम्ही घमेली बघितली असतील. खाली वाळूचा ढीग असतो. कामगार रांगेत उभे असतात. भरलेलं घमेलं हातोहात वर जातं आणि रिकामं खाली येतं. इमारत वाळूची बनते, घमेल्याची नाही. पण घमेली काढून घ्या, काम जागच्या जागी बंद.

आपल्या पेशीत तेच चालतं. आपण भाकरी खातो, तिचं ग्लुकोज होतं, आणि त्या ग्लुकोजमधून टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉन काढले जातात. हे काम करतात विकरं, म्हणजे एन्झाइम. काढलेले इलेक्ट्रॉन वाहून न्यायला काहीतरी लागतं. ते वाहणारं घमेलं म्हणजे एनएडी. रिकामं असताना त्याला एनएडी म्हणतात, भरलं की एनएडीएच. भरलेलं घमेलं आपला माल मायटोकॉन्ड्रियाच्या दारात रिकामा करतं, तिथे ऑक्सिजनच्या मदतीने ऊर्जा तयार होते, आणि रिकामं घमेलं परत कामाला लागतं.

विकराला मदत करणाऱ्या अशा रेणूंना सहविकरं म्हणतात. एनएडी हे त्यातलं सगळ्यात कामसू. त्याचा एक सख्खा भाऊ आहे, एनएडीपी. तो शरीरात नवीन गोष्टी बांधायच्या कामात जास्त असतो.

हे प्रकरण पहिल्यांदा लक्षात आलं ते यीस्टमुळे. १९०६ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी यीस्टचा रस बारीक गाळणीतून गाळला. वर राहिलेला भाग साखर आंबवेना आणि खाली गळालेला भागही आंबवेना. दोन्ही एकत्र केले की काम सुरू. गंमत म्हणजे खाली गळालेला भाग उकळला तरी त्याची ताकद जात नव्हती. विकरं तर उकळल्यावर मरतात. म्हणजे हे विकर नव्हतं, त्याचा मदतनीस होता. या कामासाठी हार्डन आणि त्यावर पुढे काम करणारे हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांना १९२९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

याच्याशी आपला काय संबंध? तर ज्वारी

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर जरा दख्खनच्या पठारावर या.

पेलाग्रा नावाचा एक आजार आहे. उन्हात उघडी राहणारी कातडी, म्हणजे मान, हात, चेहरा, काळवंडून सोलवटते. मग जुलाब लागतात. मग डोक्यावर परिणाम होतो. उपचार झाले नाहीत तर माणूस जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये या आजाराने हाहाकार माजवला होता. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनराड एल्वेहेम यांनी कुत्र्यांमधला असाच एक आजार निकोटिनिक आम्लाने बरा होतो हे दाखवलं. निकोटिनिक आम्ल म्हणजेच नायसिन, ब३ जीवनसत्त्व. आणि शरीर नायसिनपासून काय बनवतं? एनएडी. म्हणजे पेलाग्रा हा मुळात घमेल्यांच्या तुटवड्याचा आजार आहे.

आपल्याकडे हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर पेलाग्राचे असे रुग्ण यायचे जे मका खातच नव्हते. ते ज्वारी खायचे. १९६० मध्ये गोपालन आणि श्रीकांतिया यांनी मांडलं की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि त्यामुळे शरीरात एनएडी तयार होण्याच्या वाटेत अडथळा येतो. पुढे या गटाने रुग्णांच्या तांबड्या रक्तपेशींमध्ये एनएडी आणि त्याच्या कुटुंबातले रेणू मोजून बघितले. ल्युसिनच्या या सिद्धांतावर नंतर बराच वाद झाला. पण तो वाद घालायलाही हातात आकडे लागत होते.

लगेच भाकरी बंद करू नका. हे रुग्ण असे होते ज्यांच्या ताटात वर्षभर ज्वारीशिवाय जवळपास काहीच नव्हतं. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, दूध, अंडं असेल तर ही वेळ येत नाही.

मुद्दा एवढाच की एनएडीचं प्रमाण हा जगण्या-मरण्याचा आकडा होऊ शकतो. म्हणून तो बरोबर मोजता आला पाहिजे.

पहिली अडचण: पुरावा सेकंदात बदलतो

समजा तुम्हाला प्रयोगशाळेतल्या उंदराच्या यकृतातलं एनएडी मोजायचंय. उंदराला भूल दिली, यकृताचा तुकडा कापला आणि बशीत ठेवला. संपलं. तुमचा प्रयोग इथेच फसला.

का? कापल्याक्षणी त्या तुकड्याचा रक्तपुरवठा बंद झाला. ऑक्सिजन थांबला. पण पेशी मेलेल्या नाहीत, त्यांचं काम चालूच आहे. खालून घमेली भरून वर चाललीत, पण वर ती रिकामी करून घ्यायला कुणी नाही. मग काय होणार? भरलेल्या घमेल्यांची रास लागते. एनएडीएच वाढतं, एनएडी घटतं. हे सगळं काही सेकंदांत होतं. जो आकडा तुम्ही मोजणार तो जिवंत यकृताचा नसून गुदमरलेल्या यकृताचा असतो.

मेंदूचं तर आणखी अवघड. त्याच्याकडे साठा फारसा नसतोच. रक्त थांबलं की मिनिटभरात त्याची ऊर्जेची शिल्लक खलास व्हायला लागते.

मग उपाय काय? काळ गोठवायचा. अक्षरशः.

तुम्ही म्हणाल सोपं आहे, तुकडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाका. तो उणे १९६ अंश सेल्सिअसला असतो. टाकल्या टाकल्या गोठेल. तर नाही गोठत. कारण कळायला स्वयंपाकघरात या. तवा चांगला तापलाय की नाही हे बघायला आपण त्यावर पाणी शिंपडतो. तवा खूप तापला असेल तर थेंब चटकन न आटता टणाटण नाचत फिरतात, कारण थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती उष्णता अडवते. नायट्रोजनमध्ये टाकलेल्या तुकड्याचं तेच होतं. नायट्रोजनसाठी आपला ३७ अंशांचा तुकडा म्हणजे तापलेला तवाच. तुकड्याभोवती वायूचं वेष्टण तयार होतं. बाहेरचा थर गोठतो, आतला भाग बराच वेळ ऊबदार राहतो आणि आत गडबड चालूच राहते.

यावर १९६० मध्ये बर्लिनच्या अल्बर्ट वोलेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. मोठा चिमटा घ्या. त्याच्या दोन टोकांना ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे लावा. ते नायट्रोजनमध्ये बुडवून थंडगार करा. मग भूल दिलेल्या प्राण्याच्या अवयवाला रक्तपुरवठा चालू असतानाच त्या ठोकळ्यांमध्ये पकडून दाबा. अवयवाचा पापड होतो. पापड पातळ असल्यामुळे आणि धातू थेट टेकल्यामुळे तो सेकंदाच्या आत पूर्ण गोठतो. याला फ्रीझ क्लॅम्प म्हणतात आणि आजही तो वापरतात.

त्यानंतर हा पापड वितळता कामा नये. नायट्रोजन ओतत ओतत खलबत्त्यात त्याची पूड करायची. पूड वजन करताना जरी वितळली तरी पेशी फुटून एनएडी खाणारी विकरं मोकाट सुटतात आणि समोरचा साठा फस्त करतात. सीडी३८ नावाचं एक विकर तर यासाठी बदनाम आहे.

वेळेचं आणखी एक लफडं आहे. उंदरांच्या यकृतातलं एनएडी दिवसभरात वर-खाली होतं, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे एका गटातले उंदीर सकाळी तपासले आणि दुसऱ्या गटातले संध्याकाळी, तर दिसणारा फरक औषधाचा की घड्याळाचा हे सांगता येणार नाही. उपाशी प्राणी आणि पोटभर खाल्लेला प्राणी यांच्यातही फरक पडतो.

दुसरी अडचण: एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला मारावं लागतं

गोठलेली पूड हातात आली. आता त्यातून एनएडी आणि एनएडीएच बाहेर काढायचं. इथे निसर्गाने मोठी थट्टा करून ठेवलीय.

एनएडी आम्लात टिकतं, पण अल्कलीत गरम केलं की नष्ट होतं. एनएडीएच बरोबर उलटं. ते अल्कलीत टिकतं आणि आम्लात नष्ट होतं. दोघंही सुखरूप राहतील असं साधं, सरळ द्रावण नाही.

शास्त्रज्ञांनी या अडचणीचाच उपयोग करून घेतला. पुडीचे दोन भाग करायचे. एक भाग थंड परक्लोरिक आम्लात टाकायचा. विकरं तिथल्या तिथे मरतात, एनएडीएच नष्ट होतं, एनएडी उरतं. नंतर पोटॅशियमचा क्षार घालून आम्ल शमवायचं. बर्फात ठेवलं की पोटॅशियम परक्लोरेटचा पांढरा साका तळाशी बसतो आणि वरचं स्वच्छ द्रावण तपासायला मोकळं.

दुसरा भाग सौम्य अल्कलीत टाकून साधारण ६० अंशांना काही मिनिटं गरम करायचा. आता एनएडी नष्ट होतं आणि एनएडीएच उरतं.

म्हणजे एका बाटलीत फक्त रिकामी घमेली, दुसरीत फक्त भरलेली. एकाचा काटा काढून दुसऱ्याची मोजणी.

तिसरी अडचण: दिसणार कसं?

इथे एंट्री होते ओटो वॉरबर्ग यांची. बर्लिनचे हे शास्त्रज्ञ, १९३१ चे नोबेल विजेते. १९३० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे सहविकर भरलेलं असलं की ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषून घेतं आणि रिकामं असलं की शोषत नाही. आपल्या डोळ्याला हा प्रकाश दिसत नाही, यंत्राला दिसतो. किती प्रकाश अडला यावरून किती एनएडीएच आहे ते कळतं. हिशोबही ठरलेला आहे. एक सेंटिमीटर रुंदीच्या काचेच्या नळीत ०.१ मिलिमोलर एनएडीएच असेल तर यंत्रावर ०.६२२ असा आकडा येतो.

आणि हे फक्त पुस्तकातलं नाही. तुम्ही कधी लिव्हरची तपासणी केली असेल तर रिपोर्टमध्ये एसजीपीटी नावाची ओळ बघितली असेल. ते मोजायची प्रचलित पद्धत हीच. तुमच्या रक्तद्रवात ठरावीक रसायनं, एक मदतनीस विकर आणि एनएडीएच घालतात. एसजीपीटी जितकं जास्त तितक्या वेगाने एनएडीएच रिकामं होत जातं आणि ३४० वरचा आकडा घसरतो. यंत्र तो घसरण्याचा वेग मोजतं. म्हणजे कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही वॉरबर्ग यांचाच प्रकाश चालू आहे.

मग मेदयुक्त, स्नायूयुक्त कुठल्याही तुकड्यातलं एनएडी असंच थेट का मोजत नाहीत? कारण ते फार थोडं असतं. हिशोब करून बघू. समजा यकृताच्या एका ग्रॅममध्ये १ मायक्रोमोल एनएडी आहे. आपण ५० मिलिग्रॅम यकृत अर्धा मिलिलिटर द्रावणात घेतलं आणि मोजायच्या नळीत ते २० पट पातळ झालं. ते सगळं एनएडीएचमध्ये बदललं तरी यंत्रावर आकडा येतो जेमतेम ०.०३. मूळच्या एनएडीएचचं प्रमाण तर त्याहून कितीतरी कमी असतं. तो आकडा ०.००३ च्या आसपास गेला की यंत्राच्या खरखरीत हरवून जातो. नळीवर बोटाचा ठसा असला तरी तेवढा फरक पडतो.

मग आले लाउरी

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ऑलिव्हर लाउरी नावाचे शास्त्रज्ञ होते. प्रथिनं मोजायच्या पद्धतीवरचा त्यांचा १९५१ चा शोधनिबंध हा विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक संदर्भ दिला गेलेला निबंध मानला जातो. या माणसाला कमीत कमी गोष्ट मोजायचा नाद होता. एकेका चेतापेशीचं वजन करता यावं म्हणून त्यांनी क्वार्ट्झच्या बारीक तंतूचा तराजू वापरला. तंतूच्या टोकावर पेशी ठेवायची आणि तंतू किती वाकला ते बघायचं.

१९६१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनएडी मोजायची जी पद्धत मांडली तिचं मर्म साईटवरच्या घमेल्यांतच आहे.

समजा काळोख आहे आणि तुम्हाला घमेली दिसत नाहीत. पण खाली वाळूचा न संपणारा ढीग आहे, वर ओतायला जागाच जागा आहे आणि कामगार एकाच वेगाने काम करतात. तासाभराने वर जाऊन बघा. ढीग किती झालाय? एका घमेल्याने जेवढा ढीग होतो त्याच्या पाचपट ढीग असेल तर घमेली पाच होती. घमेलं न बघता घमेली मोजली.

एन्झाइम सायकलिंग म्हणजे हेच. आजच्या एका प्रचलित प्रकारात नळीमध्ये भरपूर अल्कोहोल टाकतात आणि यीस्टमधून काढलेलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर टाकतात. हे विकर अल्कोहोलमधून इलेक्ट्रॉन काढून एनएडीवर चढवतं. दारू प्यायल्यावर आपल्या यकृतात याच जातीचं विकर काम करतं. एनएडीचं एनएडीएच झालं. आता नळीत एमटीटी नावाचा पिवळा रंगही असतो. मधल्या एका रसायनाच्या हातून एनएडीएच आपले इलेक्ट्रॉन या रंगाला देतं आणि रंग पिवळ्याचा जांभळा होतो. एनएडीएच रिकामं झालं, म्हणजे परत एनएडी झालं, आणि पुढच्या फेरीला निघालं.

एक रेणू अशा असंख्य फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत थोडा जांभळा रंग साठतो. जे आधी यंत्राला दिसत नव्हतं ते आता डोळ्यालाही दिसायला लागतं. एनएडी जास्त असलेली नळी भराभर गडद होते, कमी असलेली हळूहळू.

इथे विकरच का वापरायचं? कारण त्याची निवड काटेकोर असते. यीस्टचं अल्कोहोल डिहायड्रोजनेज एनएडीलाच हात लावतं, त्याच्या भावाला, एनएडीपीला नाही. एनएडीपी मोजायचं असेल तर विकर बदलायचं. यकृताच्या अर्कात हजारो प्रकारचे रेणू असतात. त्या गर्दीतून नेमक्या एकाचीच कॉलर पकडणारा हवालदार म्हणजे विकर.

आकडा आला. पण खरा कशावरून?

चांगली प्रयोगशाळा आणि कामचलाऊ प्रयोगशाळा यांतला फरक इथे कळतो. चांगल्या ठिकाणी तीन गोष्टी केल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत.

पहिली, ओळखीचं माप. ज्यात किती एनएडी आहे हे आधीच माहीत आहे अशी पाच-सहा द्रावणं त्याच ताटलीत, त्याच वेळी चालवायची. आपल्या नमुन्याचा रंग त्यांच्याशी ताडून बघायचा. किराणावाल्याच्या काट्यावर प्रमाणित वजन ठेवून बघतात तसं.

दुसरी, कोरी नळी. सगळं टाकायचं, फक्त नमुना नाही टाकायचा. तरीही थोडा रंग येतोच, कारण रसायनांमध्येही बारीकसारीक मळ असतो. तेवढा रंग वजा करायचा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. पूड आम्लात टाकतानाच त्यात मोजून थोडं शुद्ध एनएडी मिसळायचं आणि शेवटी ते परत सापडतंय का बघायचं. १०० टाकले आणि ९५ मिळाले तर ठीक. १०० टाकले आणि ६० च मिळाले तर वाटेत कुठेतरी चोरी होतेय. मग नमुन्यातलं स्वतःचं एनएडीही तितकंच गळालेलं असणार.

या सगळ्यामागे आणखी एक गोष्ट आहे. अशा प्रयोगात प्राण्याचा जीव जातो. भारतात असे प्रयोग करायचे तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, आणि त्याला आधार आहे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचा. चिमटा वेळेवर थंड नव्हता, पूड वितळली, कोरी नळी लावलीच नाही, अशा कारणाने आकडा चुकला तर तो जीव फुकट गेला. नीट मोजणं हा इथे फक्त शास्त्राचा प्रश्न राहत नाही.

आणि एवढं करूनही अर्धंच चित्र दिसतं

समजा सगळं बरोबर केलं. यकृतातलं एकूण एनएडी आणि एकूण एनएडीएच कळलं. दोघांचं गुणोत्तर काढलं की पेशीची अवस्था कळली, असं वाटेल. पण १९६७ मध्ये ऑक्सफर्डच्या हान्स क्रेब्ज यांच्या गटाने यात मेख दाखवली. क्रेब्ज म्हणजे शाळेत आपल्याला पाठ करायला लावलेल्या क्रेब्ज चक्राचे क्रेब्ज.

पेशीतलं पुष्कळसं एनएडीएच मोकळं फिरत नसतं, प्रथिनांना चिकटलेलं असतं. आम्लात किंवा अल्कलीत टाकलं की चिकटलेलं आणि मोकळं सगळं एकत्र होतं. साईटवर एकूण घमेली किती हे कळतं, पण किती कुणाच्या हातात अडकलीत आणि किती खरंच फिरतायत हे कळत नाही.

क्रेब्ज यांच्या गटाने आडवाट काढली. पेशीत पायरुव्हेट आणि लॅक्टेट नावाची एक जोडी असते. त्यांची अदलाबदल मोकळ्या एनएडी-एनएडीएचच्या तालावर चालते. मग घमेली मोजायच्याऐवजी लॅक्टेट आणि पायरुव्हेट विकरांनी मोजा आणि त्यावरून मोकळ्या घमेल्यांचा हिशोब मांडा. त्यांना उंदराच्या यकृतात पेशीद्रवातलं मोकळं एनएडी मोकळ्या एनएडीएचच्या सुमारे ७०० पट आढळलं. त्याच पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये मात्र हे प्रमाण सुमारे ८ पट होतं.

एकाच पेशीत दोन खोल्या आणि दोघींचा हिशोब इतका वेगळा. मग "तुमच्या शरीराचं एनएडी" असा एकच आकडा कुठून आणणार?

आता परत त्या रीलकडे

माणसाला तर चिमट्यात पकडून यकृत गोठवता येत नाही. म्हणून माणसांवरच्या अभ्यासात बहुतेक वेळा रक्त तपासतात, कारण ते सहज मिळतं. काही अभ्यासांत सुईने स्नायूचा छोटा तुकडा काढतात. आणि हे दोन आकडे नेहमी एकच गोष्ट सांगत नाहीत.

याचं एक बोलकं उदाहरण लाउरी यांच्याच वॉशिंग्टन विद्यापीठातलं आहे. २०२१ मध्ये तिथल्या संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना १० आठवडे रोज २५० मिलिग्रॅम एनएमएन दिलं, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. एनएमएन हा एनएडी बनवायचा कच्चा माल, गोळ्यांच्या डबीवर असतो तोच. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये एनएडी वाढलं. स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसादही सुधारला. पण स्नायूंमधलं एनएडी? ते वाढलेलं दिसलं नाही.

म्हणजे फक्त रक्त तपासलं असतं तर "एनएडी वाढलं" एवढीच बातमी झाली असती. स्नायू तपासला म्हणून कळलं की गोष्ट तितकी सरळ नाही. याचा अर्थ एनएमएन निरुपयोगी आहे असा नाही, आणि जादू आहे असाही नाही. एवढ्या छोट्या अभ्यासावरून कुठल्याही बाजूने डबी विकता येत नाही, इतकाच अर्थ आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुमच्या एनएडीबद्दल बोललं तर चार प्रश्न विचारा. मोजलं कशात, रक्तात की अवयवात? प्राण्यात की माणसात? नमुना घेतल्यावर किती वेळात गोठवला? आणि एनएडी मोजलं की एनएडीएचही मोजलं?

रील बनवणाऱ्याला याची उत्तरं देता आली तर त्याचं पुढचं वाक्य जरूर ऐका. देता आली नाहीत तर वर सरकवा. थकवा खरंच वाटत असेल तर सलाईनच्या आधी डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, ब१२ बघून घ्या. या तपासण्या कशा करायच्या आणि त्यांचा आकडा किती असायला हवा, हे निदान ठरलेलं आहे.